राजीनामा, तिरुपती आणि फोडलेलं बाथरूम

आमच्या बाथरूमची गळती आम्हाला दिसत नव्हती, ती खालच्या काकूंना दिसत होती. कोल्हापुरात राजारामपुरीतली आमची बिल्डिंग जुनी. पावसाळ्यात काकूंच्या छताला पिवळट डाग पडला आणि गणपतीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटायला लागले. काकू भांडल्या नाहीत. मोदक घेऊन वर आल्या आणि जाताना म्हणाल्या, "एकदा खाली येऊन वर बघून जा गं."

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय की संडास, सिंक वगैरेंची घरातली गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची. म्हणजे वाद घालायला जागाच नव्हती. अडचण होती ती वेळेची. त्याच आठवड्यात मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑफर आली. मी तोवर शिरोलीतल्या फौंड्रीत अकाउंट्सला होते आणि तिथली नोटीस ६० दिवसांची. त्यात सासूबाईंचा नवस. त्यासाठी ऑगस्टमध्येच तिरुमलाच्या ३०० रुपयांच्या दर्शनाची तिकिटं काढून ठेवली होती, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा म्हणाला, बाथरूम मे महिन्यात काढू. सासूबाई म्हणाल्या, नोकरी काय पळून जातीय? मला मात्र एकच गोष्ट बघायची होती: यातली कुठली तारीख हलते आणि कुठली नाही. दर्शनाची तारीख पुढंमागं करता येत नाही, रद्द करून पैसेही मिळत नाहीत. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. त्यामुळे तिरुपतीला जाणाऱ्या हरिप्रिया एक्सप्रेसची तिकिटं सप्टेंबरअखेरीशिवाय निघणार नव्हती, पण निघाली की तीही पक्की. जॉइनिंगची तारीख बोलून हलते. गवंड्याला तर तारीख नसतेच. मग दर्शन मध्ये धरलं आणि बाकी सगळं त्याच्या दोन्ही बाजूंना बसवलं.

नव्या कंपनीच्या एचआरला सरळ सांगितलं, १ डिसेंबरला येते. फोनवर ती लगेच "हो" म्हणाली. मी तेवढंच ईमेलवर मागून घेतलं आणि ते आल्यावरच राजीनामा दिला. शेवटचा दिवस नोव्हेंबरच्या मध्यावर आला. नोटीसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस नोटीस लांबते, असा आमच्याकडचा नियम. त्यामुळे रजा काढून बाथरूम फोडायचा विचार बाद. काम दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुट्टीतच होणार होतं आणि त्याच सुट्टीत तिरुपतीही होतं.

आता हे जमणार कसं, असं कोणालाही वाटेल. पण बाथरूमच्या कामात निम्मा वेळ हात चालत नसतात. काहीतरी सुकत असतं, मुरत असतं, नाहीतर टेस्टिंग चाललेलं असतं. ते थांबायचे दिवस प्रवासात टाकायचे, एवढंच मला करायचं होतं.

खरेदी नोटीस पिरियडच्या रविवारांत उरकली. टाईल्स आधीच आणून ठेवल्या, एक खोकं जास्त. खोक्यावर शेड आणि बॅच नंबर असतो. पुढं तीच डिझाईन मिळते पण रंग उन्नीस-बीस होतो. नळही आधीच घ्यावे लागतात, कारण डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडं नाहीतर शॉवरकडं वळवणाऱ्या भागाची, बॉडी भिंतीच्या आत जाते. ती हातात असल्याशिवाय प्लंबर पाईप किती खोल बसवायचा ते ठरवू शकत नाही. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरवाल्यानं मला आणि नवऱ्याला जो चकचकीत नळ दाखवला, त्याचं हॅण्डल साबणाच्या हातानं फिरेल का, हे सासूबाईंनी तिथंच हात ओला करून बघितलं. तो नळ नापास झाला.

गवंडी मिळाले ते दिवाळीनंतरच. नवरात्रापासून सगळेच कुठंतरी अडकलेले असतात. "वैनी, सोमवारी आठला येतो बघा." "सोमवार म्हणजे हाच सोमवार ना?" "व्हय की." सोमवारी ते दुसरीकडच्या स्लॅबवर होते. बुधवारी आले. मी असा उशीर धरूनच बसले होते, म्हणून फोनवर आवाज चढला नाही. सासूबाईंना तोवर इचलकरंजीला नणंदेकडं पाठवलं होतं. आम्ही दोघं मागच्या बाल्कनीतल्या मोरीत पडदा लावून आंघोळ करत होतो.

एका नातेवाइकानं सांगितलं होतं की सांध्यांत ग्राऊट भरला की गळती थांबते, फोडाफोडी कशाला? गवंड्यांनी फरशी आणि खालचा कोबा काढून दाखवला. वीटकुट्याचा भराव ओलाकिच्च होता. पाणी नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, जोडातून झिरपून तिथं साठत होतं आणि स्लॅबमधून सावकाश काकूंकडं उतरत होतं. वरून ग्राऊट भरून त्या जोडाला काय फरक पडणार होता? भिंतीतला जुना लोखंडी पाईपही गंजलेला निघाला. खरमाती पोत्यात भरून खाली न्यायची मजुरी वेगळी धरावी लागते, हेही लक्षात असू द्या. कोटेशनमध्ये ती बहुतेक वेळा नसते.

नवे सीपीव्हीसी पाईप जोडून झाले की प्लास्टरच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्यायची. प्लंबर टाळाटाळ करतो, कारण पंप आणावा लागतो. आमच्या प्लंबरनं हातपंप लावला, काटा वर नेला आणि चहाला गेला. मी गेजवरच्या काट्यासमोर पाट टाकून बसले. तासाभरानं काटा जागेवर होता. मग कोपऱ्यांत सिमेंटची गोलाई, तिला वाटा म्हणतात, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा. त्यानंतर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी साठवायचं. ४८ तास. गवंडी म्हणाले, "चोवीस बी चालत्यात." मी म्हटलं, काकूंना विचारा. काकूंनी दुसऱ्या दिवशी रात्री टॉर्च मारून छत तपासलं आणि फोन केला, "नवीन थेंब नाही."

वरचा कोबा घातला आणि दोन दिवसांत आम्ही हरिप्रियात बसलो. कोब्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला किल्ली काकूंकडं दिली. त्या कामात त्यांच्याइतका रस दुसऱ्या कोणाला असणार? मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपती. दर्शन नीट झालं. सासूबाई रांगेतसुद्धा विचारत होत्या, "कोबा वाळला असंल का गं?" कोल्हापूरकरांना एक बरं असतं, तिरुपतीहून येऊन अंबाबाईचं दर्शन घ्यायला वेगळी यात्रा करावी लागत नाही. तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, तेव्हा हे नातं दोन्हीकडून आहे.

परत आल्यावर टाईल्स. इथं एकच गोष्ट मी उभं राहून करून घेतली, ती म्हणजे उतार. मीटरला साधारण दीड सेंटीमीटर ट्रॅपकडं. टाईल्स नुसत्या मांडलेल्या असतानाच तांब्याभर पाणी ओतून बघितलं. दाराजवळच्या कोपऱ्यात थोडं थांबलं, तर तेवढ्या चार टाईल्स उचलून परत बसवल्या. मजुरीचा शेवटचा हप्ता गरम पाण्याची लाईन चालवून बघितल्यावरच दिला.

१ तारखेला कागलला हजर झाले तेव्हा नखांत पांढरा ग्राऊट होता. तिथं पहिल्या आठवड्यात फॉर्म १२बी भरून आधीच्या नोकरीचा पगार आणि कापलेला टीडीएस कळवला, नाहीतर मार्चमध्ये कराचा हिशेब अंगावर येतो. पीएफ काढला नाही, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफरला टाकला. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो. ट्रान्सफरसाठी जुन्या कंपनीनं आपण बाहेर पडल्याची तारीख पोर्टलवर टाकायला लागते. त्यांनी टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्यालाही टाकता येते. कंपनीची मेडिक्लेम शेवटच्या दिवसालाच संपते. आमची घरची वेगळी पॉलिसी होती म्हणून मधले दिवस बिनघोर गेले.

राहिलंय ते काकूंचं छत. ओल पुरती सुकल्याशिवाय पुट्टी धरत नाही, म्हणून उन्हाळ्यापर्यंत थांबायचं ठरलंय. खर्च आमचा. रंग मात्र काकूंना पांढरा नकोय, फिकट पिस्ता हवाय, आणि तो अख्ख्या हॉललाच द्यावा लागेल असं त्या आत्तापासून सुचवतायत.