‘सगळ्याला चालतं’ म्हणून दिलेलं ब्लेड

घराच्या कामात जुनी फरशी फोडणं, राडारोडा उचलणं, वॉटरप्रूफिंग हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते टाइल कापायच्या ब्लेडपाशी. ज्या दुकानातून ते ब्लेड घेतलं, त्या दुकानदाराचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

हॉलसाठी आम्ही दोन बाय चार फुटांच्या ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल्स घेतल्या होत्या, म्हणजे आतून घट्ट भाजलेल्या आणि वरून काचेसारखा पातळ थर (ग्लेझ) असलेल्या. ६०० बाय १२०० मिलिमीटर, जाडी नऊच्या आसपास. या मापाच्या बॉक्समध्ये दोनच टाइल्स येतात. एक बिघडली की अर्धा बॉक्स गेला. मिस्त्री म्हणाले, “ताई, माझं ब्लेड घासलंय, नवीन आणून द्या.” घराजवळच्या हार्डवेअरवाल्याला मी नीट सांगितलं: टाइल व्हिट्रिफाइड आहे, वरून ग्लेझ आहे, मशीन चार इंची मार्बल कटर, म्हणजे हातात धरून दगड-टाइल कापायचं. त्याने मागे वळून न बघता काउंटरखालून एक पाकीट काढलं. “हे न्या. सगळ्याला चालतं. ग्रॅनाइट, काँक्रीट, टाइल, काहीही कापा.”

पहिलाच काप बाल्कनीच्या दाराशी होता, जिथे वरून स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावतात ती टाइलची पट्टी) येत नाही आणि काठ उघडा राहतो. मिस्त्रींनी मशीन उचललं आणि बघते तर पांढऱ्या ग्लेझच्या काठावर तांदळाच्या कणीएवढे टवके, एकाला एक लागून, शेवटपर्यंत. खालचा राखाडी भाग दिसत होता. दुसरी टाइल घेतली, तेच. अगदी सावकाश कापली, तरी तेच.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मिस्त्रींचं म्हणणं, टाइलच कच्ची आहे, याच पद्धतीनं मी आजवर कोटा कापला, शहाबादी कापली. टाइलवाला म्हणाला फोटो पाठवा. पाठवले. उत्तर आलं, “कापलेला माल परत होत नाही, ब्लेड तपासा.” ब्लेडवाल्याकडे गेले तर तो म्हणतो, मिस्त्रीचा हात हलतो. आणि फोडलेलं पाकीट परत घेत नाही. पाकीट फोडल्याशिवाय ब्लेड लावायचं कसं, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे फक्त टाइलसाठीचं वेगळं ब्लेड आहे का, असं विचारलं तर म्हणाला, “सगळं एकच असतं हो ताई, नाव वेगळं.”

हे धादांत खोटं आहे. त्यात टाइलवाल्याकडे आमच्या बॅचचे बॉक्स संपत आलेले. टाइलच्या बॉक्सवर बॅच आणि शेड छापलेली असते, आणि बॅच बदलली की रंगात फरक पडू शकतो. म्हणजे वाया जाणारी प्रत्येक टाइल नुसत्या पैशाची नव्हती, पुढे ती मिळेल की नाही याचीच धास्ती होती. काम थांबवलं. मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेले, आणि त्यांना परत आणायला आणखी वाट बघावी लागली.

शेवटी पुण्याच्या रविवार पेठेत, हार्डवेअरच्या बोहरी आळीत गेले. तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी आधी प्रश्न विचारले: काय कापायचंय, कोणत्या मशीनवर, पाणी लावणार की कोरडं? मग काउंटरवर तीन ब्लेडं शेजारी शेजारी ठेवली. एकाच्या कडेला खोल खाचा. त्या खाचांमधून हवा खेळते, चुरा बाहेर पडतो, म्हणून कोरड्या काँक्रीटला ते उत्तम. पण खाचांमधल्या प्रत्येक तुकड्याची कड ग्लेझवर आपटत जाते आणि टवके उडतात. माझं ‘सगळ्याला चालणारं’ ब्लेड हेच होतं. दुसरं टर्बो, नागमोडी कडेचं. ते ग्रॅनाइटला बरं. तिसरं अखंड कडेचं, पातळ, जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. “तुमच्या टाइलला हे,” ते म्हणाले, “आणि पाणी लावून.”

त्यांनीच समजावलं की डायमंड ब्लेड सुरीसारखं कापत नाही, घासत जातं. हिऱ्याचे बारीक कण धातूत बसवलेले असतात. वरचे कण बोथट झाले की धातू झिजायला हवा, म्हणजे खालचे नवे कण उघडे पडतात. म्हणून ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइडसारख्या कडक मालाला मऊ धातूचं ब्लेड लागतं, तर वाळूचा दगड, वीट, ताजं काँक्रीट अशा घासणाऱ्या मालाला कडक धातूचं. उलटं केलंत तर एकीकडे ब्लेड भराभर संपतं, दुसरीकडे ते गुळगुळीत होऊन नुसतं तापतं. आपली व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही इतकी घट्ट असते. बाथरूमच्या भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पिते. दोन्हींना एकच ब्लेड कसं चालेल?

घरी आल्यावर बिघडलेल्या टाइलचाच तुकडा घेऊन मिस्त्रींना नव्या ब्लेडने कापायला लावला. मी शेजारी उभी राहून बाटलीने पाणी सोडत होते. काठ नखाने चाचपला, कुठे अडकला नाही. मिस्त्रींनी स्वतः बोट फिरवलं आणि म्हणाले, “बरोबर आहे ताई, ब्लेडच होतं.” त्या एका वाक्याने माझा सगळा शीण उतरला.

आता जे आठवतंय ते सांगते. काप एका दमात खोल घेऊ नका. आधी दोनेक मिलिमीटरची रेघ मारायची, मग पूर्ण. हातातल्या कटरचं ब्लेड पुढच्या बाजूने खालून वर फिरतं, त्यामुळे टवके वरच्या अंगाला उडतात. ग्लेझवर मास्किंग टेप लावली तर थोडा फायदा होतो. पाणी लावायचं तर मशीनचा प्लग ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच हवा, यात तडजोड नको.

मार्बल कटरच्या ब्लेडचं मधलं भोक सहसा २० मिमी असतं आणि चार इंची ग्रायंडरच्या चकतीचं १६. मध्ये रिंग टाकून बसवतात, पण ती सैल असली तर ब्लेड लडखडतं आणि काठ खराब होतो. ब्लेडवरचा बाण फिरण्याच्या दिशेने बसलाय का ते बघा. त्यावर कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे) छापलेलं असतं, मशीनचा वेग त्याच्या आत हवा.

ओट्याचा ग्रॅनाइट कापताना ब्लेड मध्येच कापेनासं झालं. मिस्त्री ते टाकून देणार होते. मी आणलेल्या भट्टीच्या विटेत चारपाच चरे मारायला लावले. गुळगुळीत धातू घासला गेला आणि ब्लेड पुन्हा चालू लागलं.

धुळीचंही सांगायलाच हवं. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइडच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. सध्या ओट्याला क्वार्ट्झची फॅशन आहे. त्या कृत्रिम दगडात सिलिका ९० टक्क्यांच्या वरही असते, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधतात, तो पुरत नाही. एन९५ मास्क आपण आणून द्यावेत, आणि पाणी लावूनच कापा असा आग्रह धरावा. घर आपलं, पण ती धूळ त्यांच्या छातीत जाते.

एक राहिलं. नळाच्या भोकासाठी डायमंडचं होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायचं गोल भोक पाडणारं नळकांडं, वेगळं मागून घ्या. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, सुरुवात तिरकी करायची, चंद्रकोरीसारखी खोबण पडली की सरळ धरायचं आणि पाणी चालू ठेवायचं.