दीड वीत टोरांटो

‘कितीशी लांब असेल रे?’ नात टोरांटोला शिकायला निघाल्यापासून आईचा हा प्रश्न दिवसातून एकदा येतोच. डिचोलीहून म्हापसा किती लांब, हे ती बसच्या तिकिटावरून सांगते. विमानाच्या तिकिटावर मात्र नुसते तास, आणि त्यातलेही बरेचसे मधल्या विमानतळावर बसून काढायचे.

शेवटी मी कागद घेतला. दाबोळीचे, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाचे, आणि टोरांटोचे अक्षांश-रेखांश हाव्हर्साइनच्या सूत्रात घातले. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर त्यातून निघतं. हे सूत्र मुळात जहाजवाल्यांचं. पूर्वी त्याची कोष्टकंच बोटीवर असायची. उत्तर आलं ११६ अंश. पृथ्वीच्या पोटातून पाहिलं तर दोन गावांमध्ये एवढा कोन. अंशाला १११ किलोमीटर धरले की झाले सुमारे १२,९००. वैमानिक मात्र अजून सागरी मैलच मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मैल, १.८५२ किलोमीटर. आमचे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेले, काका हयात असते तर या गोष्टीवर त्यांनी अख्खी संध्याकाळ काढली असती.

पण पोर जाणार मोपाहून, पेडण्यातल्या नव्या विमानतळावरून. पुन्हा आकडेमोड. मोपा दाबोळीच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे टोरांटो पस्तीसेक किलोमीटरने अलीकडे सरकलं. ‘बघ, पेडण्यात विमानतळ झाल्याचा फायदा,’ मी म्हणालो. आई हसली नाही.

मग कपाटावरचा पृथ्वीगोल काढला. फूटभर व्यासाचा, स्क्रू ढिला झालेला. आईने फुलांच्या परडीतला दोरा आणला. गोव्यावर तिने बोट ठेवलं, त्याखाली अख्खी कोकणपट्टी झाकली गेली. मी दुसरं टोक टोरांटोवर धरून ताणलं, तसा दोरा आपसूक वर सरकला. भिंतीवरच्या नकाशात पाहून मी तो अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ पश्चिमेला नेला असता. त्या वाटेने दोनेक हजार किलोमीटर जास्तच पडतात. ताणलेला दोरा मात्र अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडनचं वरचं टोक असं करत आर्क्टिक वृत्त ओलांडून ग्रीनलंडवरून खाली उतरला. खरं विमान काही असं जाणार नाही. गोव्याहून थेट विमानच नाही. शिवाय वारा, वादळं आणि कुणी कुणासाठी आपलं आकाश बंद केलंय, हेही असतंच.

आईने दोरा उचलून हाताने मोजला. ‘दीड वीत.’ मग पुन्हा गोलाकडे वाकून तिने त्या वरच्या पांढऱ्या भागावर बोट टेकवलं. ‘इथे बर्फ ना?’

‘हो, पण विमानात...’

ती ऐकायला थांबलीच नाही. आतल्या खोलीत वजन करून, कुलूप लावून ठेवलेली बॅग तिने उघडायला लावली. तळातला स्वेटर काढून नातीच्या हातातल्या पिशवीत घातला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत सोलांची आणखी एक पुडी कोंबली.