आमची वाटचाल: क्लोव्हरच्या गंधापर्यंत

परफ्यूमसाठी तयार कंपाऊंड, म्हणजे दुसऱ्याने जुळवलेलं सुगंधी मिश्रण आणायचं, अल्कोहोलमध्ये मिसळायचं आणि बाटल्यांत भरून विकायचं, अशी आमची सुरुवात झाली. धंदा चालत होता, पण गंध दुसऱ्याने बांधलेला होता. स्वतःचं काही बांधायचं ठरलं तेव्हा गुलाब-मोगऱ्याच्या गर्दीत न शिरता आम्ही क्लोव्हर निवडला. तीन-तीन पानांच्या या चाऱ्याच्या पिकाची फुलं मधासारखी गोड वासाची असतात. मागे हिरवटपणा आणि किंचित वाळल्या गवताची ऊब असते.

या फुलाचं तेल बाजारात सहसा मिळतच नाही, त्यामुळे गंध रचावाच लागतो. त्याचा रस्ता जुना आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पर्किनने १८६८ मध्ये कूमरिन, म्हणजे वाळल्या गवताच्या वासाचं द्रव्य, प्रयोगशाळेत बनवलं. १८८२ च्या 'फूजेर रोयाल' या परफ्यूममध्ये ते गाजलं. त्याच शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पिव्हे या परफ्यूम कंपनीने 'ट्रेफ्ल इन्कार्ना' काढलं, म्हणजे किरमिजी क्लोव्हर. त्याचा आधार होता अमाइल सॅलिसिलेट हे सुगंधी रसायन. आजही क्लोव्हर म्हटलं की सुगंधकार आधी याच बाटलीकडे हात नेतो.

पण एकटं सॅलिसिलेट सपाट वाटतं, थोडं औषधीही. आमची खरी मेहनत त्याच्या सोबतींवर झाली. कूमरिनने गवताची ऊब येते. सिस-थ्री-हेक्सेनॉलने नुकतं कापलेलं हिरवं पान समोर येतं, पण ते ब्लॉटरवरून, म्हणजे वास तपासायच्या कागदी पट्टीवरून, लवकर उडतं, तर सॅलिसिलेट आणि कूमरिन मागे रेंगाळतात. म्हणून पहिल्या वासावर आम्ही कधीच निर्णय घेत नाही. ब्लॉटर दुसऱ्या दिवशीही हुंगतो. मधाचा स्वर फिनाइलॅसेटिक ॲसिडमधून मिळतो आणि तोच सर्वांत नाजूक. लेशभर असलं तर मध, जास्त झालं की जनावराचा उग्र दर्प. आमच्या मते क्लोव्हरची रचना जमते किंवा फसते ती इथेच.

साठवणीचं शिस्तीने पाळतो. सॅलिसिलेटला लोखंडाचा अंश लागला तर रंग लालसर-जांभळट होऊ शकतो, म्हणून काच किंवा चांगलं स्टेनलेस स्टील. युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनात कूमरिन ०.००१ टक्क्यांहून जास्त असेल तर लेबलवर नाव द्यावं लागतं. आमचा माल कुठेही जावो, आम्ही ते नाव छापतोच. अंगाला लावायच्या वस्तूत काय आहे हे घेणाऱ्याला कळलंच पाहिजे.

आज हा क्लोव्हर बेस, म्हणजे आम्ही रचलेलं हे मिश्रण, आमच्या परफ्यूममध्ये आहे आणि साबण बनवणारे छोटे उत्पादकही तो नेतात. साबणात सॅलिसिलेट चांगलं टिकतं. सध्या आम्ही मेलिलोट म्हणजे गोड क्लोव्हरच्या वाळल्या फांद्यांचं टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधला अर्क, तपासतोय. ताज्या झाडात कूमरिन बांधलेल्या रूपात असतं, वाळताना ते मोकळं होतं आणि गंध सुटतो. त्यामुळे फांद्या नीट कोरड्या वाळवणं हेच यातलं मोठं काम आहे.