दिवाणखान्यातला भोंगा

भोंगा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मांडवाच्या बांबूला बांधलेला, मंगलाष्टकं थेट कानात ओतणारा. आत दुमडलेला तो कर्णा 300 हर्ट्झच्या खाली फारसा गातच नाही आणि पाच-सहा हजारांच्या वर दमतो. शब्द लांबवर पोचावेत, एवढंच त्याचं काम. त्याच्यावरून घरातल्या हॉर्न स्पीकरबद्दल, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्यापुढे कर्णा लावलेल्या स्पीकरबद्दल, मत बनवू नये.

हॉर्नचा मोह पडतो तो त्याच्या सेन्सिटिव्हिटीपायी, म्हणजे थोड्या वॅटांत मोठा आवाज देण्यापायी. नेहमीचा बुकशेल्फ स्पीकर एका वॅटला, मीटरभर अंतरावर साधारण 87 डेसिबल देतो. अमेरिकन अभियंता पॉल क्लिप्शचा क्लिप्शहॉर्न हा कोपऱ्यात बसणारा हॉर्न स्पीकर देतो 104-105. या सतरा डेसिबलचा हिशेब पन्नासपट होतो. तिकडे शंभर वॅट लागले तर इकडे दोनांत भागतं, म्हणून 300बी या जुन्या धर्तीच्या काचेच्या ट्यूबचा आठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायरही पुरतो. मात्र गाण्याबरोबर खरखरही तेवढीच चढते. घेण्याआधी आपला अ‍ॅम्प्लिफायर जोडावा, गाणं न लावता खुर्चीत बसावं. तिथपर्यंत सूं-घूं ऐकू आली, तर दोष स्पीकरला देऊ नये.

खरी गोम खर्जात आहे. कर्ण्याच्या तोंडाचा घेर सर्वांत खालच्या सुराच्या तरंगलांबीएवढा लागतो. 50 हर्ट्झची तरंगलांबी 6.9 मीटर, म्हणजे तोंडाचा व्यास 2.2 मीटर! क्लिप्शने युक्ती केली ती कोपऱ्याची. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचं काम पुढे नेतात, तोंडाचं क्षेत्रफळ एक अष्टमांशावर येतं, व्यास 78 सेंटिमीटरमध्ये भागतो. पण त्यासाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे हवेत. आपल्या टू-बीएचकेच्या हॉलात एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात बाल्कनीची सरकती काच. खर्ज तिथूनच पळतो.

तेव्हा फ्लॅटमध्ये कर्णा 800 हर्ट्झच्या वरच ठेवावा आणि खाली साध्या पेटीतला पंधरा इंची वूफर घ्यावा, हेच शहाणपणाचं. जोडी स्वतः जमवत असाल तर वरचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्यामागे बसून आवाज काढणारा भाग) वूफरपेक्षा आठ-दहा डेसिबल चढा निघतो. तो एल-पॅडने, म्हणजे आवाज कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या जोडणीने, दाबावा, नाहीतर तबल्याची चाट गायकाच्या डोक्यावर बसते. दोघांना वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर असले, तर ड्रायव्हरच्या वाटेत एक कपॅसिटर हवाच. आठ ओहमला 80 मायक्रोफॅरडचा चालतो. तो साधारण 250 हर्ट्झच्या खालचं अडवतो. तो नसला तर अ‍ॅम्प्लिफायर चालू करतानाच्या एका धप्प्यात ड्रायव्हरचा पातळ पडदा फाटू शकतो.

जुना धातूचा कर्णा मिळाला, अल्टेक या अमेरिकन कंपनीच्या 811बीसारखा, तर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. टण्ण वाजला तर गाडीच्या दारात लावतात ती, कंप मारणारी डॅम्पिंग शीट कर्ण्याला बाहेरून चिकटवावी. आतल्या बाजूला हात लावू नये. ड्रायव्हर बसतो तिथे बोट फिरवावं. गॅस्केट (सांध्यातली चकती) आत डोकावत असेल, किंवा ड्रायव्हर आणि कर्णा यांच्या भोकांत केसभर पायरी असेल, तर वरचे सूर तिथेच ठेचकाळतात.

ऐकताना ओळखीचा आवाज लावावा, शक्यतो नुसतं बोलणं. तोंडापुढे हातांची नळी धरल्यासारखं वाटलं तर ती जोडी सोडून द्यावी. बसायची जागा निदान अडीच-तीन मीटरवर हवी. त्याहून जवळ वूफर आणि कर्णा वेगवेगळे ऐकू येतात. दहा बाय बाराच्या खोलीत हे अंतर जमत नाही. तिथे क्लिप्शच्या हेरसीसारखी, जमिनीवर तिरकी बसणारी, बारा इंची वूफरची पेटी बरी. तिचा खर्ज पन्नास-साठच्या आसपास संपतो, पण तंबोरा आणि हार्मोनियमला त्याची उणीव जाणवत नाही.