नाही, पण त्याला मारलं कशाला?

झोप धड झाली नाही. कारण सांगितलं तर घरात हसतील, म्हणून इथे लिहितेय. ली डे-चोलला फाशी दिली.

म्हणजे मालिकेत. 'द गुड डिटेक्टिव्ह', २०२० सालची, १६ भागांची कोरियन मालिका. डे-चोल त्यातला कैदी, न केलेल्या खुनासाठी फाशीची शिक्षा झालेला. आणि अर्ध्यावरच दिली! मी धरून चालले होते की शेवटच्या भागात हा तुरुंगाबाहेर येणार, पोरगी समोर उभी असणार, मी पोटभर रडणार आणि मग गाढ झोपणार. सगळं ठरलेलं होतं माझं.

पाच वर्षांपूर्वी ज्याने त्याला पकडलं तोच पोलीस कांग डो-चांग आता त्याच्यासाठी धडपडतोय, तेही बढती तोंडावर आलेली असताना, स्वतःच्याच खात्याशी वाकडं घेऊन. डो-चांग झालेल्या सोन ह्यॉन-जूचा तो दमलेला, ओशाळलेला चेहरा! खटला पुन्हा उभा राहतो. एवढं सगळं झाल्यावर माणूस वाचायला नको? आईच्या मालिकेत असता तर फासावर गेलेला जुळा भाऊ निघाला असता आणि मंगळवारी खरा डे-चोल दाढी वाढवून दारात हजर. त्या मालिकांना मी इतकी नावं ठेवते, आणि काल रात्री मला नेमकं तेच हवं होतं.

निल्याला मेसेज टाकला. "हो, तिथे मीपण थांबलो होतो." बस, एवढंच. म्हणजे याला माहीत होतं. ते एक वेगळंच. असो.

दुपारी डबा खाताना शोधत बसले, तर आणखीच भडकले. दक्षिण कोरियात ३० डिसेंबर १९९७ नंतर कुणालाही फाशी दिलेली नाही. त्या एका दिवशी २३ जणांना दिली आणि मग थांबले ते थांबलेच. कायदा आहे, शिक्षाही सुनावतात, पण अंमलबजावणीचा हुकूम निघत नाही. माणसं आतच म्हातारी होतात. म्हणजे खऱ्या कोरियात डे-चोल जिवंत राहिला असता! सरकारने वीस-बावीस वर्षं जे केलं नाही ते या लेखकांनी मुद्दाम केलं. का? कुणी सांगितलं होतं?

आणि हे बोलायचं कुणाशी? घरात "तुझं ते चिनी" म्हणून विषय संपतो. ताईला फोन केला असता, पण त्या दिवसानंतर... जाऊ दे. माझी विचारपूस करायला कुणाला वेळ नाही, आणि मी मालिकेतल्या इंचॉन शहराच्या एका काल्पनिक कैद्यासाठी उशी ओली करतेय.

तरी डोक्यातून जाईना. मग दक्षिण कोरियातल्याच ह्वासॉंगच्या एका माणसाचं वाचलं. हे मात्र खरं घडलेलं. १९८८ मध्ये एका मुलीचा खून झाला आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी पोलिओमुळे लंगडणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाला उचललं. मारहाण करून, झोपू न देता कबुली घेतली. जन्मठेप झाली, त्यातली २० वर्षं आत. २०१९ मध्ये खऱ्या खुन्याने आपणहून कबूल केलं आणि डिसेंबर २०२० मध्ये सुवॉनच्या कोर्टाने याला निर्दोष ठरवलं, माफीही मागितली. ही मालिका संपून जेमतेम चार महिने झाले होते. माफी ऐकायला तो होता. जन्मठेपच झाली होती म्हणून होता.

तिथे जरा थबकले. डे-चोल सुटला असता तर मी सगळ्यांनाच सोडून दिलं असतं. डो-चांगला, त्याच्या साहेबांना, सरकारी वकिलांना, न्यायाधीशांनासुद्धा. "सुटला ना शेवटी बिचारा" म्हणत लॅपटॉप मिटला असता आणि आज डबा खाताना भाजीत मीठ कमी आहे याच्यावर बोलले असते.

पटलंय असं मुळीच नाही. लेखकावर राग आहेच, राहणार. आता तर तो पुरवून वापरायला हवा, कारण अर्धी मालिका बाकी आहे. त्या श्रीमंत ओ जोंग-तेची मिजास उतरलेली बघायचीय. डो-चांगचा जोडीदार पोलीस ओ जी-ह्योक या आपल्या चुलतभावाच्या गळ्याला हात घालतो की पैसेवाले शेवटी एकमेकांना सांभाळून घेतात, तेही बघायचंय. फक्त आज रात्री सुरू करण्याआधी निल्याला फोन करून दरडावणार आहे: आणखी कोण कोण मरतंय ते आत्ताच सांग.