तुम्ही विचारलंत म्हणून: खो-खो चालू होता, मग कबड्डी का बंद?

खो-खो-कबड्डीचा सराव घेणाऱ्या मला पालक विचारतात, आता मिशा फुटलेली पोरं विचारतात, सोलापूरच्या पार्क स्टेडियमजवळ चहा पिताना अनोळखी माणूसही विचारतो. "कोरोनात तुमचा खो-खो चालू होता, मग कबड्डीच का बंद ठेवली? खो-खोवाल्यांचा कोरोना वेगळा होता का?" दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतली. आता एकदा सगळंच सांगतो.

खो-खोत बसलेल्या आठ जणांकडे नीट बघा. शेजारच्या दोन चौकोनांत दोन मीटरांहून थोडं जास्त अंतर आणि लगतच्या दोघांची तोंडं उलट दिशांना. पळणारा आणि पाठलाग करणारा जवळ येतात ते क्षणभर, तेही उघड्या हवेत. आता कबड्डीतली चढाई बघा. तीस सेकंदांपर्यंत मोठ्यानं दम घुमवायचा, समोर सात जण, हातात हात धरून साखळी. पकड झाली की पाच-सहा जणांचा ढीग, तोंडाशी तोंड, आणि सगळे धापा टाकतायत. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आतबाहेर करतो. जोरात पळताना हाच आकडा दहापट होऊ शकतो, आणि त्यावर ओरडणं वेगळं. दक्षिण कोरियातल्या चॉनानमध्ये 2020 च्या सुरुवातीला बंद खोल्यांतल्या जोरकस नाचाच्या वर्गांतून लागण पसरत 112 जणांपर्यंत गेली. लागण झालेली एक शिक्षिका मात्र योग आणि पिलाटेस शिकवायची. तिच्या सात-आठ विद्यार्थ्यांपैकी कुणालाच काही झालं नाही. श्वासाचा जोर किती, यावर इतकं अवलंबून असतं.

म्हणून कबड्डीत फक्त पदन्यास, बोनस रेषेचा सराव, हात न लावता डुबकी, म्हणजे साखळीखालून वाकून निसटणं, एवढंच ठेवलं. पंधरा दिवसांत पोरं कंटाळली. "पकडच नाही तर आम्ही इथं यायचं कशाला सर?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आमचं काय काय चुकलं तेही सांगतो. 2020 च्या नियमावलीत आम्ही पहिल्या पानावर ताप मोजायची बंदूक घातली होती. सोलापूरच्या उन्हात सायकल मारत आलेल्या पोराचं कपाळ तापलेलंच असणार, आणि घाम आला की तीच बंदूक कमी आकडा दाखवते. त्यापेक्षा "घरात कोण खोकतंय का?" हा प्रश्न कामाचा. खो-खोच्या खांबांवर रोज सॅनिटायझर फवारला, त्यात पैसे गेले. हात धुणं पुरलं असतं. मास्क लावून पळवायचा हट्टही आठवडाभर केला. घामानं भिजलेला मास्क नाकाला चिकटतो, त्यातून श्वासही धड येत नाही आणि गाळणंही धड होत नाही. मग पळताना काढायचा, प्रत्येकाच्या कापडी पिशवीत ठेवायचा, पाणी पिऊन झालं की लावायचा, असं ठरलं.

खरं काम केलं ते सुतळीनं. दर दोन मीटरवर एक गाठ, गाठीपाशी एक बाटली, बाटलीवर मार्करनं नाव. आधी बाटल्या लिंबाखाली एका ढिगात पडायच्या आणि पाण्याच्या सुट्टीत बाराच्या बारा डोकी त्या ढिगावर. मैदानात राखलेलं अंतर तिथं दोन मिनिटांत संपायचं. पिंपाला तोटी ठेवली, तांब्या काढून टाकला. पण पाणी तोडू नका. मार्च ते मे बाटली विसरलेल्या पोराला तसंच तहानलेलं पळवलं तर कोरोनाआधी ऊन बाधेल. दोन-तीन जादा बाटल्या भरून ठेवायच्या. गट बारांचा, तेच बारा, दोन गटांत पंधरा मिनिटांचं अंतर.

एवढं सगळं लिहिलं होतं. पाऊस आला तर काय करायचं, हे लिहिलं नव्हतं.

मार्च 2021. संध्याकाळी सहाच्या सुमारास अवकाळी आला, वारा आडवा. बारा मुली आणि एक प्रशिक्षक सामानाच्या खोलीत शिरले. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आत गुंडाळलेल्या मॅट आणि चुन्याची पोती, दार एकच. तेही पाऊस आत येतो म्हणून निम्मं लोटलेलं. मुली नुकत्याच पळून आलेल्या. मास्कच्या पिशव्या बाहेर लिंबाला भिजत होत्या. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून सगळ्या ओरडत होत्या, हसत होत्या. पंचवीस मिनिटं. चौथ्या दिवशी एकीला ताप आला, आठवड्यात पाच जणी पॉझिटिव्ह. पाचही घरीच बऱ्या झाल्या. त्यातल्या एकीची आजी मात्र दवाखान्यात गेली ती परत आली नाही. एका खोलीचं घर, आजी दिवसभर तिथंच विड्या वळायची. साठीच्या वरच्यांची लस 1 मार्चलाच सुरू झाली होती. तिचा नंबर पुढच्या आठवड्यात लावायचा होता.

त्या खोलीतूनच ते घरी गेलं, असं छातीठोक सांगता येत नाही. मुलीचे वडील रोज मंडईत जायचे. पण "सांगता येत नाही" हे वाक्य आम्हाला सोयीचं आहे, हेही कळतं. ढग दिसले की सराव सोडायचा. सर आलीच तर उघड्या पायऱ्यांवर भिजायचं, बंद खोलीत जायचं नाही. ही ओळ नंतर लिहिली. घरी जाताना एका रिक्षात आठ जणी, पावसाचा पडदा सोडून, हेही नंतरच बंद केलं.

बऱ्या झालेल्या मुलींना लगेच पळवू नका, यावरूनही पालकांशी भांडणं झाली. तेव्हाच्या शिफारशींप्रमाणे चाचणीनंतर दहा दिवस आराम. लक्षणं गेलेली हवीत. मग दोन दिवस पंधरा मिनिटं भरभर चालणं, तिसऱ्या दिवशी तीस मिनिटं, चौथ्या दिवशी पंचेचाळीस, पुढचे दोन दिवस तासभर, सातव्या दिवशी खेळ. नाडी मनगटावर पंधरा सेकंद मोजायची. चौदा वर्षांच्या मुलीसाठी 220 वजा 14 म्हणजे 206, त्याचे सत्तर टक्के 144, म्हणजे पंधरा सेकंदांत 36. पहिल्या दोन दिवसांत त्याच्या वर गेली तर बसवायचं. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर त्याच क्षणी थांबवायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. चार दिवस किंवा जास्त ताप राहिलेल्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मैदानावर यायचंच नाही. मुलांत हृदयाच्या स्नायूला सूज क्वचित येते, पण ती असताना जोरात पळणं जिवावर बेतू शकतं.

कबड्डीची पकड अकरा महिने बंद राहिली. तेवढ्यात सोळा-सतराची चार पोरं यंत्रमागावर कामाला लागली ती लागलीच. "बंद ठेवून वाचवलंत कुणाला? पोरं कट्ट्यावर बसून तंबाखू मळायला शिकली," असं एका आईनं ऐकवलं. तिला चॉनान सांगून काय उपयोग? उघड्या मैदानावर, बारांच्याच गटात, पाच-पाच मिनिटांच्या पकडी चालल्या असत्या का, हा प्रश्न आजही पडतो. कधी वाटतं चालल्या असत्या. कधी तो धापा टाकणारा ढीग डोळ्यासमोर येतो.

त्या चौघांपैकी एक जण परवा अशोक चौकात भेटला. त्यालाही हे सगळं असंच सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण सर, त्या खोलीत खो-खोवालेच होते ना?"