आदिवासी म्हणायचं, वनवासी की अनुसूचित जमाती?

निमंत्रणपत्रिका छापायची असो, शाळेचा प्रकल्प असो की बातमी, हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी जमातीचं नाव घ्या. महाराष्ट्रात ४५ अनुसूचित जमाती आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के. एवढ्या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळलं की हाती काही लागत नाही. ‘आदिवासी भाषा’ असं लिहिलंत, पण कुठली? मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, गडचिरोलीतली गोंडी द्राविडी कुळातली. दोघींचं एकमेकींशी नातं नाही आणि दोन्ही मराठीच्या बोली नाहीत. ‘वारली’चंही तसंच. कुर्त्यावर ‘वारली काढलीय’ असं सर्रास म्हणतात. वारली हा समाज आहे, काढलंय ते वारली चित्र. लग्नात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवासिनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. ती चित्रं ज्यांची, त्यांचं नाव नक्षीला देऊन टाकू नये.

अनेक जमातींबद्दल एकत्र बोलायचं असेल तर महाराष्ट्रात ‘आदिवासी’ हाच शब्द योग्य. संघटनांनी तो स्वतः स्वीकारलाय, ९ ऑगस्टला नंदुरबारपासून पालघरपर्यंत आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात आणि राज्य सरकारचं खातंही आदिवासी विकास विभागच आहे. ‘जनजाती’ हा हिंदीतून आलेला सरकारी शब्द. अपमानकारक नाही, पण मराठीत ‘जमाती’ असताना त्याची गरज मला तरी वाटत नाही. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात बहुजन चळवळीचा व्यापक राजकीय अर्थ आहे, म्हणून तो आदिवासीला पर्याय म्हणून वापरू नका.

‘वनवासी’वर मात्र बहुतेक आदिवासी कार्यकर्त्यांचा स्पष्ट आक्षेप आहे आणि मला तो पटतो. हा शब्द फक्त राहण्याची जागा सांगतो. जंगल गेलं, धरणात गाव गेलं, माणूस वीटभट्टीवर आला, की या शब्दात त्याला जागा उरत नाही. या भूमीवरचा आधीपासूनचा हक्क तर त्यात कुठेच नाही. एखाद्या संस्थेच्या नावातच तो शब्द असेल तर नाव जसंच्या तसं लिहा. आणि २००६च्या वनहक्क कायद्यातला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हा शब्द वेगळा. तो आदिवासींसाठी नाहीच. अनुसूचित जमातीत नसलेल्या, पण १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनात राहत आलेल्या लोकांसाठी आहे. बातम्यांमध्ये ‘वनवासी’ आणि ‘वननिवासी’ या दोन शब्दांची सरमिसळ होते आणि वनहक्काच्या दाव्यांबद्दल भलताच समज पसरतो.

‘अनुसूचित जमाती’ हा कायद्याचा शब्द. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी ‘आदिवासी’ शब्दाचा आग्रह धरला होता. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८मध्ये उत्तर दिलं की आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, कायद्यात त्याला नेमका अर्थ नाही. अनुसूचित जमातीला तो आहे, कारण त्यात जमातींची यादीच येते. आरक्षण, प्रमाणपत्र, योजना यांबद्दल लिहिताना म्हणूनच ‘अनुसूचित जमाती’ लिहा. माणसाबद्दल लिहिताना नको. ‘अनुसूचित जमातीची गायिका’ असं कुणी म्हणतं का?

यादीतलं नाव आणि बोलण्यातलं नाव वेगळं असतं, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जातीच्या दाखल्यावर यादीतली नोंद अक्षरशः तशीच लागते. यादीतल्या ‘हलबा’ नोंदीत ‘हलबा-कोष्टी’ही धरायचे का, या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये सांगितलं की यादी जशी आहे तशीच वाचायची, न्यायालयही त्यात भर घालू शकत नाही. त्यामुळे दाखल्यासाठी ‘कोळी महादेव’ हवं तर नुसतं ‘कोळी’ लिहून भागत नाही. किनाऱ्यावरचे कोळी वेगळे, अकोले-जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी वेगळे. ‘कोकणा’ आणि ‘कोकणी’ दोन्ही यादीत आहेत, पण लेखात ‘कोकणी’ लिहिलं की वाचक रत्नागिरीला पोचतो, म्हणून नाशिक-धुळ्याकडच्या या समाजासाठी ‘कोकणा’ बरं. काही नोंदींत तर ‘ढोर’ हा हिणवणारा शब्द अजून आहे: ढोर काथोडी, कोळी ढोर. ज्याच्या कागदोपत्री ती नोंद आहे त्याला अर्जात ती बदलता येत नाही. तुम्हाला मात्र लेखात कातकरी, टोकरे कोळी असं लिहिता येतं, आणि तसंच लिहा.

‘भटक्या जमाती’ म्हणजे अनुसूचित जमाती नव्हे. राज्यातलं आरक्षण वेगळं, यादी वेगळी. पारध्यांमध्ये फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणजे सरसकट विधान इथेही फसतं. आणि चोरीच्या बातमीत ‘पारधी टोळी’ लिहिणं थांबलंच पाहिजे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या अख्ख्या समाजांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२मध्ये गेला, मथळ्यांमधून अजून गेलेला नाही. आरोपीचा समाज लिहायचं कारण नसतं.

कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांना सरकारी इंग्रजीत ‘प्रिमिटिव्ह’ म्हणत. केंद्रानं २००६मध्ये ते नाव बदलून ‘विशेष असुरक्षित’ अशा अर्थाचं केलं, मराठीत ‘आदिम जमाती’ तशीच चालू राहिली. तीही सोडा.

नाव कळत नसेल तर विचारा: “तुमच्या समाजाचं नाव मी कसं लिहू?” गोंड मंडळी तुम्हाला ‘कोइतूर’ लिहायला सांगतील, तर तसं लिहा आणि पहिल्यांदा कंसात गोंड घाला. घरातल्यांचंच एकमत नसेल तर बोलणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडी ठेवा, बाकी मजकुरात प्रचलित नाव.

परदेशाबद्दल लिहितानाही हाच नियम. ‘रेड इंडियन’ आपल्या अनुवादांत अजून भेटतो. त्याऐवजी चेरोकी, नावाहो असं नेमकं नाव द्या. उत्तर युरोपातल्या लोकांना लॅप नव्हे, सामी म्हणा. ‘एस्किमो’च्या जागी सरसकट ‘इन्युइट’ मात्र टाकू नका, कारण अलास्कातले युपिक लोक इन्युइट नाहीत.